एका बाटलीची चूक

मागच्या वर्षी आमच्या जयसिंगपूरच्या कॉलेजात रक्तदान शिबिर झालं. माझ्या पिशवीवर नावाऐवजी नंबर चिकटवला. टेक्निशियन काकांना विचारलं, तेव्हा कळलं की एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया एवढ्या तपासण्या झाल्याशिवाय ते रक्त कुणालाच देत नाहीत. पुढे काही बिघडलं तर त्याच नंबरवरून शोध लागतो. मला एकदम हाफकिन आठवले.

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण माणूस नाही. आम्हाला शाळेत पाश्चर शिकवले, हाफकिन नाहीच.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा इथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला. पुढच्याच वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या, ती हीच साथ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पुन्हा स्वतःलाच टोचली.

मग १९०२ साल आलं. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ३० ऑक्टोबरला १०७ जणांना लस दिली. त्यातल्या एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांचं पद गेलं. खरं तर गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. बाकीच्या बाटल्यांनी कुणालाच काही झालं नव्हतं. हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं, आणि १९३० मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये वारले.

अवयवदानात तर काम आणखी अवघड. हृदय उकळून निर्जंतुक करता येत नाही आणि ते साधारण चार तासांत बसवावं लागतं. म्हणून दात्याच्याच तपासण्या आधी करतात. अगदी ताजा संसर्ग टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून घरच्यांनाही खोदून विचारतात. रोग्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी केलेली असते, त्यामुळे छोटी चूकही महागात पडते.

मित्रांनो, आपण इंजिनियर होणार. वर्कशॉपमध्ये खाली पडलेलं टूल मीही पँटला पुसून वापरलंय. आता हात थांबतो.