विश्लेषण : वेग कमी, ताबा पूर्ण… पालवणकर बाळूंच्या गोलंदाजीत काय होतं? कर्णधारपद मात्र का नाकारलं गेलं?

राजापूर : मे महिना लागला, मुंबईकर चाकरमानी गावी आले की राजापूर, लांज्याच्या सड्यावर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा रंगतात. चार-सहा षटकांच्या या सामन्यांत प्रत्येक पोराला जोरात चेंडू टाकायचा असतो. संथ टाकणाऱ्याला षटकार बसतात, असा सगळ्यांचाच समज. पण भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा गोलंदाज संथच टाकायचा. तोही आडनावाने कोकणातलाच. त्यांचं नाव पालवणकर बाळू. वेग आणि ताबा यांचं गणित त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी कसं सोडवलं आणि मैदानाबाहेरचं कोणतं गणित त्यांना शेवटपर्यंत सुटू दिलं गेलं नाही, हे समजून घेऊ.

कोण होते पालवणकर बाळू?

बाळूंचा जन्म १८७०च्या दशकाच्या मध्यात धारवाडमध्ये झाला. कुटुंब चर्मकार समाजातलं. कोकणातल्या पालवण या मूळ गावावरून पालवणकर हे आडनाव आलं. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि त्यामुळे मुलांचं बालपण पुण्याच्या छावणी परिसरात गेलं. बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम यांनी क्रिकेटचे पहिले धडे गिरवले ते गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर.

पहिली नोकरी लागली ती पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबमध्ये. काम होतं खेळपट्टी झाडणं आणि तिच्यावर रूळ फिरवणं. अधूनमधून सदस्यांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये गेले. तिथे पगार ४ रुपये झाला. जाळी बांधणं, खेळपट्टी आखणं, टेनिस कोर्टावर पांढऱ्या रेघा मारणं अशी कामं वाढली.

गोलंदाजी शिकवली कुणी?

शिकवली कुणीच नाही. क्लबमधल्या इंग्रज खेळाडूंना सरावासाठी गोलंदाज हवा असायचा, म्हणून बाळूंच्या हाती चेंडू आला. बार्टन नावाच्या इंग्रज कॅप्टनची डावखुरी, सहज शैली पाहून त्यांनी आपली शैली घडवली.

त्या काळात भारतात खेळणाऱ्या इंग्रजांमधला सर्वोत्तम फलंदाज होता जे. जी. ग्रेग. तो इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि बाळूंकडून गोलंदाजी करून घ्यायचा. आपल्याला बाद केलं की ग्रेग दर वेळी ८ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर हिशेब मजेशीर आहे. ग्रेगला आठ वेळा बाद केलं की ४ रुपये, म्हणजे महिन्याचा पगार वसूल.

मात्र या क्लबमध्ये शेकडो तास गोलंदाजी करूनही बाळूंना फलंदाजी एकदाही मिळाली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि चेंडू नोकराने टाकायचा, अशी ती रीत होती.

संथ गोलंदाजीत वेगाचा संबंध काय?

इथे थोडं गणित समजून घ्यावं लागेल. बाळूंच्या काळात चेंडूचा वेग मोजायचं यंत्र नव्हतं, त्यामुळे त्यांच्या चेंडूचे आकडे उपलब्ध नाहीत. पण संथ गोलंदाजाचं शास्त्र तेव्हाही हेच होतं.

* खेळपट्टी २२ यार्ड म्हणजे सुमारे २० मीटर लांब. गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू साधारण १८ मीटर अंतर कापून फलंदाजापर्यंत पोहोचतो.
* ताशी ८० किमी वेगाच्या चेंडूला यासाठी सुमारे ०.८ सेकंद लागतात. वेग ताशी ७२ किमी केला तर ०.९ सेकंद. फरक फक्त एक दशांश सेकंदाच्या आसपास.
* पण तेवढ्या वेळात जोरात फिरणारी बॅट मीटरभर पुढे निघून गेलेली असते. फटका आधीच फिरतो आणि चेंडू हवेत उडतो किंवा यष्ट्यांवर जातो.

म्हणजे संथ गोलंदाजाचं हत्यार वेग नसून वेगातला फरक आहे. आणि तो फरक फलंदाजाला हातावरून ओळखता येता कामा नये.

मग प्रत्येक जण हे का करू शकत नाही?

कारण वेग बदलला की टप्पा बदलतो. हवेचा विरोध बाजूला ठेवून साधा हिशेब करू. २ मीटर उंचीवरून, किंचित वरच्या दिशेने, ताशी ७२ किमी वेगाने सोडलेला चेंडू सुमारे १६ मीटरवर पडतो. हाताचा कोन तोच ठेवून वेग फक्त ५ टक्के वाढवला, तर टप्पा जवळपास १ मीटर पुढे सरकतो. चांगल्या टप्प्याच्या चेंडूचा थेट फुलटॉसकडे झुकणारा चेंडू होतो आणि फलंदाज तो सीमापार धाडतो.

टप्पा तोच ठेवून वेग बदलायचा असेल, तर चेंडू सोडण्याचा कोनही त्याच क्षणी बदलावा लागतो. शिवाय बोटांनी दिलेली फिरकी सुटता कामा नये आणि धाव, खांदा, मनगट सगळं आधीसारखंच दिसलं पाहिजे. गोल्फपटूला क्लब जोरात फिरवायचा की चेंडू नेमका ठेवायचा, हा पेच कायम पडतो. तिथे निदान चेंडू जागेवर उभा असतो. गोलंदाजाला हाच पेच धावता धावता, समोरच्याला कळू न देता सोडवावा लागतो.

हे फक्त एका गोष्टीने जमतं. हजारो वेळा तेच करून. बाळूंना पगारासाठी रोज तासन्‌तास चेंडू टाकावे लागले आणि समोर ग्रेगसारखा फलंदाज होता. त्यातच खेळपट्टीवर रूळ फिरवणारेही तेच. कुठली जागा टणक, कुठली भुसभुशीत, चेंडू कुठे वळेल, याचा अंदाज त्यांच्याइतका कुणाला असणार? चेंडू दोन्ही बाजूंना वळवणं, वेगात सतत बदल करणं आणि न थकता लांबच लांब स्पेल टाकणं ही त्यांची ओळख बनली.

हिंदू संघात प्रवेश कसा मिळाला?

पुण्यातल्या हिंदू क्लबला युरोपियनांना हरवायचं होतं आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज शहरातच होता. अडचण एकच, तो अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला होता. क्लबमध्ये दोन तट पडले. ग्रेगने जाहीरपणे बाळूंची बाजू घेतली. अखेर त्यांना संघात घेतलं गेलं.

पण कसं? मैदानात सगळ्यांनी एकाच चेंडूला हात लावायचा. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेणार आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल. तोंड धुवायचं तर त्यांच्याच समाजातल्या नोकराने मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून द्यायचं.

साताऱ्यातल्या सामन्याची हकिकत प्रसिद्ध आहे. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तिथल्या गोऱ्यांच्या क्लबने आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून घेतला होता. तरीही बाळूंनी ७ बळी घेतले. पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला. एकत्र खेळता, तर एकत्र खायला-प्यायला हरकत कसली, हा सवाल समाजसुधारकांनी यानिमित्ताने उभा केला.

मुंबईत काय घडलं?

१८९६च्या प्लेगनंतर पालवणकर कुटुंब मुंबईला आलं. बाळूंना पुढे रेल्वेत नोकरी मिळाली. हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशाला काही सदस्यांचा विरोध होता, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि दार उघडलं.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६०, तर युरोपियनांनी १९१ आणि १०२ धावा केल्या. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ बळी घेतले. शिवरामही याच संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर साजरा झाला. पुढच्याच वर्षी पारशी, हिंदू आणि युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लीम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. पुढे गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही हिंदू संघाकडून खेळले.

इंग्लंड दौरा निर्णायक का ठरला?

१९११ मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सुमार होती. २३ पैकी १५ सामने गमावले, ६ जिंकले. पण पस्तिशीतल्या बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १९ पेक्षा कमी. त्यातले ७५ बळी प्रथम श्रेणी सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी टिपले. सॉमरसेटविरुद्ध संघ १ गडी राखून जिंकला, तो शिवराम यांच्या नाबाद शतकामुळे.

मुंबईत परतल्यावर दलित समाजातर्फे बाळूंचा सत्कार झाला. त्या वेळचं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी लिहिल्याचं इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवलं आहे. बाळू तेव्हा नामवंत होते, आंबेडकर विद्यार्थी.

बाळूंच्या कारकिर्दीचे आकडे असे : ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

तरीही कर्णधारपद का नाही?

हाच या कहाणीतला सगळ्यात बोचणारा भाग. अनुभव, कामगिरी, लोकप्रियता या तिन्हींत बाळूंच्या जवळपास येणारा खेळाडू हिंदू संघात नव्हता. तरी दरवर्षी कर्णधार उच्चवर्णीयच निवडला गेला. एम. डी. पै यांनी तर कर्णधारपद मिळाल्यावर हा मान खरं तर बाळूंचा होता, असं मोकळेपणाने कबूल केलं.

१९२० मध्ये वाद पेटला. बाळूंना संघातून वगळलं गेलं आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल यांचाही विचार झाला नाही. जातीमुळेच डावललं जातंय, असं जाहीर करून शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. अखेर अंतिम सामन्यासाठी तडजोड झाली. भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार केलं गेलं आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेल्याने नेतृत्व बाळूंच्या हाती आलं. पूर्ण कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये विठ्ठल यांना मिळालं आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांचं 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र १९४८ मध्ये आलं.

आंबेडकरांविरुद्ध निवडणूक का लढवली?

खेळ थांबल्यावर बाळू राजकारणात आले. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांचं डॉ. आंबेडकरांशी पटलं नाही. सप्टेंबर १९३२च्या पुणे करारावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यात बाळूही आहेत. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मतं पडली. दलित समाजाचे दोन नायक एकमेकांसमोर आले आणि समाजाने नव्या नेत्याला कौल दिला. निकालानंतर बाळूंचं नाव सार्वजनिक जीवनातून मागे पडलं. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

आज त्यांची आठवण कशासाठी?

बाळूंची कारकीर्द संपली तेव्हा भारताला कसोटी दर्जाही नव्हता. तो पहिला सामना १९३२चा. त्यामुळे विक्रमांच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही. गुहा यांच्या २००२ मधल्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' या पुस्तकानंतर नवी पिढी त्यांना ओळखू लागली.

खेळाडूसाठी त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट सरळ आहे. आधी टप्प्यावर ताबा, मग वेगात बदल. हा क्रम उलटा केला की षटकार ठरलेला. हे कौशल्य बाळूंनी कुणाच्या मेहेरबानीने नाही, तर ४ रुपयांच्या नोकरीत मिळवलं. चेंडूवर त्यांचा पूर्ण ताबा होता. आपल्याला कुठे बसून चहा प्यायचा आणि संघाचं नेतृत्व कुणी करायचं, हे ठरवण्याचा अधिकार मात्र इतरांनी स्वतःकडेच ठेवला. त्या अन्यायाविरुद्ध दोन भावांनी १९२० मध्ये संघाबाहेर बसायची तयारी दाखवली, म्हणून तीन वर्षांनी तिसऱ्या पालवणकराच्या नव्हे, तर त्याच विठ्ठल यांच्या नावापुढे कर्णधार हा शब्द लागला.