मन राहते कोठे?
मयताच्या घरी लोक आपल्याला विचारतात, आत्मा मानीत नाही तर विचार करतो कोण? धर्मानंद कोसंबींचे आयुष्य पाहा. १८७६ साली गोव्यात साखवाळला जन्मले, बुद्धाचा धर्म जाणण्यासाठी १८९९ मध्ये घरदार सोडले, श्रीलंकेत पालि शिकले. बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग' शुद्ध करण्यापायी थेट अमेरिकेत हार्वर्डला गेले. १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांचा अंत झाला.

त्या ग्रंथात मनाचा आधार हृदय सांगितला आहे. आजचे शास्त्र मेंदू सांगते. मग धम्म खोटा ठरला काय? मुळीच नाही. मूळ 'पट्ठाना'त अवयवाचे नावच नाही. ज्या रूपाच्या आश्रयाने मन चालते ते रूप, एवढेच आहे. आणि मेंदूतही कोणी मालक बसलेला सापडलेला नाही. मज्जापेशींचे व्यवहार तेवढे चाललेले दिसतात.