शंकर आबाजी भिसे : एका संशोधकाची कसोटी

माझे बालपण पांढुर्णा-सौंसर भागात गेले. मध्य प्रदेशातला हा मराठी बोलणारा, संत्र्यांचा मुलूख. बाजाराच्या दिवशी किराणा दुकानात उभा राहिलो की माझी नजर तराजूच्या काट्यावर खिळलेली असे. पारड्याला दुकानदाराचे बोट किंचित लागले तरी काटा झुकतो, हे मला लवकरच उमगले होते. पुढे कॉलेजात असताना एका मराठी तरुणाची हकीकत वाचनात आली. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची योजना आखून त्याने लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली होती. तेव्हापासून शंकर आबाजी भिसे हे नाव माझ्या मनात घर करून बसले.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच त्यांना यंत्रांचा नाद लागला. मुंबईत त्यांनी विज्ञानप्रेमी मंडळींचा एक क्लब काढला. स्पर्धेतील यशानंतर दिनशा वाच्छा यांचे पत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंनी त्यांना आधार दिला आणि भांडवलदारही मिळवून दिले.

भिसे यांचे मोठे स्वप्न होते ते छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्राचे. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा, तो थिजला की खिळा बाहेर काढायचा, असे हे काम. रस थिजायला वेळ लागतो, म्हणून वेगाला मर्यादा पडते. भिसे यांनी एकाच वेळी अनेक खिळे ओतण्याची युक्ती काढली. त्यांचे यंत्र मिनिटाला सुमारे १२०० खिळे ओतू लागले, तेव्हा इंग्लंडमधले जाणकारही चकित झाले. आपल्या मराठीला आणि कन्नडला जोडाक्षरांपायी किती तऱ्हेचे खिळे लागत, हे ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे त्यांना या कामाचे मोल सांगावे लागणार नाही.

परंतु यंत्र चालणे निराळे आणि ते बाजारात उभे राहणे निराळे. समाजवादी पुढारी हिंडमन यांनी मोठी रक्कम उभी करण्याचे कबूल केले. ती उभी राहिली नाही. निराश होऊन भिसे १९०८ च्या सुमारास मायदेशी निघाले, तर बोटीवर गोपाळ कृष्ण गोखल्यांची गाठ पडली. गोखल्यांमुळे जमशेटजींचे पुत्र रतन टाटा यांचे साहाय्य मिळाले आणि काम पुन्हा सुरू झाले. तथापि सुधारणेमागून सुधारणा होत राहिली, पैसा खर्च होत गेला आणि अखेर तोही आधार सुटला. लायनोटाइप आणि मोनोटाइप यांनी तोवर छापखान्यांत आपले पाय रोवले होते.

भिसे खचले नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेस गेले. तेथे नव्या रचनेचे खिळे ओतणारे यंत्र त्यांनी सिद्ध केले आणि त्यासाठी कंपनीही काढली. मात्र आर्थिक स्थैर्य त्यांना लाभले ते यंत्राने नव्हे, तर ॲटोमिडीन या आयोडीनयुक्त औषधाने. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्राकडे पाहताना मला वाटते, की भिसे यांच्याजवळ बुद्धी होती, हातात कसब होते, चिकाटी तर अपार होती. उणीव होती ती संशोधकाच्या शेजारी बसून हिशेब ठेवणाऱ्याची. आज किती खर्च झाला, उद्या किती लागेल, आणि सुधारणा थांबवून यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती कधी द्यायचे, हे ठरवणारा कुणीतरी हवा होता. नवे उपकरण घडवणे हे एकट्याचे काम नव्हे. आपल्या प्रयोगशाळेत उद्या एखादा भिसे निघेल. त्याला शाबासकी देणारे पुष्कळ भेटतील. त्याच्या कामाची जबाबदारी वाटून घेणारा सोबती आपल्यातूनच निघाला पाहिजे.