डॉ. कोटणीसांनी निवडलेले इस्पितळ

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस म्हटले, की व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट डोळ्यांपुढे येतो. पडद्यावरच्या त्या नायकामागे एक तरुण डॉक्टर होता आणि आजही प्रत्येक नव्या डॉक्टरला सतावणारा प्रश्न त्याच्याही पुढे होता, ही गोष्ट मात्र सहसा आठवत नाही. पदवी तर मिळाली. आता पुढचे शिक्षण कोठे आणि कशासाठी घ्यायचे?

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या द्वारकानाथांनी वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईचे सेठ गोरधनदास सुंदरदास महाविद्यालय गाठले. १९२६ मध्ये केईएम रुग्णालयासोबत सुरू झालेल्या या महाविद्यालयाला देणगी देणाऱ्यांनी एक अट घातली होती. येथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, स्वतंत्र भारतीय डॉक्टरच असावेत. परळच्या त्या वास्तूत शिकणाऱ्या मुलांवर या वातावरणाचा काहीच परिणाम झाला नसेल, असे मानणे कठीण आहे.

१९३६ मध्ये ते डॉक्टर झाले. सोलापूरच्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलापुढची वाट ठरलेली होती. पदव्युत्तर परीक्षा द्यायची, मोठ्या रुग्णालयात अनुभव घ्यायचा, मग शहरात दवाखाना. कोटणीस या परीक्षेच्या तयारीला लागलेही होते. तेवढ्यात, १९३८ मध्ये, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय पथक पाठविण्याचे काँग्रेसने ठरविले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी गोळा झाला. कोटणीसांनी पदव्युत्तर शिक्षण बाजूला ठेवून अर्ज केला.

पाच जणांचे हे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले. प्रमुख डॉ. अटल स्पेनच्या यादवीतील अनुभव घेऊन आले होते, तर नागपूरचे डॉ. चोळकर वयाने बरेच ज्येष्ठ होते. कोटणीस अवघे सत्तावीस वर्षांचे. चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची बातमी आली. घरी परतण्याची मोकळीक होती, पण ते थांबले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. तेथील रुग्णालय त्यातल्या त्यात सुरक्षित होते. कोटणीसांनी मात्र पुढे शत्रूच्या पिछाडीला असलेल्या उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखाची वाट धरली. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून तेथेच काम करीत असत. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले होते. ज्या गुरूच्या हाताखाली शिकता आले असते, तो गुरूच राहिला नव्हता. उरले होते ते त्याचे काम, आणि तेच कोटणीसांचे पदव्युत्तर शिक्षण ठरले. औषधे अपुरी, साधने अपुरी, जखमींची रांग मात्र न संपणारी. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. कोणत्या नामांकित रुग्णालयात इतका हात बसला असता? अर्थात, असा हात बसण्याची किंमतही जबर होती.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. चिनी भाषा शिकून ते त्याच भाषेत विद्यार्थ्यांना व्याख्याने देऊ लागले. त्याच वर्षी परिचारिका क्वो चिंग्लान यांच्याशी विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. भारत आणि चीन ही दोन्ही नावे सामावणारे यिनहुआ हे नाव त्याला मिळाले.

पथकातले सहकारी एकेक करून परतत होते. कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले, तेव्हा उपचारांसाठी तो मुलूख सोडण्याचा आग्रह झाला. तो त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

मुंबईत अर्धवट राहिलेली परीक्षा त्यांनी कधीच दिली नाही. मात्र चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे सांगणारे एक पाठ्यपुस्तक त्यांनी पुरे केले होते. दुसरे, अधिक सविस्तर पुस्तक त्या अखेरच्या दिवसांतही लिहिणे चालू होते. ते अपुरेच राहिले.