निळ्या दाताचा राजा

आमचा नातू कानात दोन पांढऱ्या गोळ्या घालून घरभर हिंडतो. फोन टेबलावर, गाणं याच्या कानात आणि मधे वायरीचा पत्ता नाही. परवा त्याला ब्लूटूथ या नावाचा अर्थ विचारला, तर तो खांदे उडवून निघून गेला. निवृत्त माणसाला तेवढाच उद्योग मिळाला. शोधता शोधता मी जाऊन पोचलो थेट हजार वर्षांपूर्वीच्या डेन्मार्कमध्ये!

तिथे हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. इ. स. ९५८च्या सुमारास बाप गोर्म वारला आणि हा गादीवर आला. बहुधा एखादा दात काळानिळा पडलेला असावा, म्हणून पुढे नाव पडलं ब्लूटूथ, म्हणजे आपल्या गावाकडच्या भाषेत निळदात्या. येलिंग गावी त्याने आईबापांच्या स्मरणार्थ मोठी शिळा उभारली. डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकल्याचं, डेन लोकांना ख्रिस्ती केल्याचं तिच्यावर कोरून ठेवलं. ती शिळा आजही तिथे आहे. ९८०च्या सुमारास त्याच्याच राज्यात, राव्निंगच्या दलदलीवर, सुमारे ७६० मीटर लांबीचा लाकडी पूल झाला. विखुरलेलं जोडत जाणारा हा राजा.

पुढे १९९७ साली, निरनिराळ्या कंपन्यांच्या फोन आणि संगणकांना बिनतारी जोडणाऱ्या तंत्राला नाव हवं होतं. इंटेलचे जिम कार्डाक तेव्हा व्हायकिंगांचा इतिहास वाचत होते. त्यांनी हॅराल्डचं नाव सुचवलं. ते तात्पुरतं म्हणून घेतलं आणि कायमचं झालं. त्या तंत्राची खूण म्हणजे जुन्या रून लिपीतली राजाची आद्याक्षरं, एकात एक गुंफलेली.

या तंत्राची करामत अशी, की बँकेचा लॉकर जसा ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, तशी इथेही आधी दोन यंत्रांची एकमेकांशी ओळख पटावी लागते. मग बोलणं सुरू. तेही ७९ वाहिन्यांवरून, सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत. म्हणून एका खोलीत चार जोड्या बोलत असल्या तरी सहसा गोंधळ होत नाही. घरगुती उपकरणांचा टप्पा साधारण १० मीटरचा.

एवढी जोडाजोड करणाऱ्या राजाचा शेवट मात्र चुटपूट लावतो. पोटचा मुलगा स्वेन बंड करून उठला. जखमी हॅराल्ड बाल्टिक समुद्रापलीकडे स्लाव लोकांच्या मुलखात पळाला आणि ९८६च्या आसपास तिथेच मेला. देश जोडला, मुलगा तुटला.

नातवाला ही हकिकत सांगायला बसलो. पूल झाला तेव्हा त्याने एका कानातली गोळी काढली, स्वेन उलटला तेव्हा दुसरी. मी मात्र सांगता सांगता अडखळलो. त्याचा बाप, म्हणजे माझा मुलगा, शेजारच्या खोलीत असतो. १० मीटरच्या आतच. तरी गेलं वर्षभर आमचं बोलणं कामापुरतं.

त्या संध्याकाळी मी त्याच्या दारावर टकटक केली. काम काहीच नव्हतं.