हैतीचा कैवार: जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या चरित्रातील एक प्रकरण

जेम्स वेल्डन जॉन्सन हे नाव आपल्याकडील वाङ्मयाभ्यासकांना परिचित आहे ते मुख्यतः दोन कारणांनी. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपले राष्ट्रगीत मानलेल्या गीताचे ते कर्ते होत, आणि १९१२ साली निनावी प्रसिद्ध झालेल्या ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ अ‍ॅन एक्स-कलर्ड मॅन’ या कादंबरीचे लेखकही तेच. हैतीच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी केलेली खटपट मात्र वाङ्मयेतिहासात तळटीपेपुरतीच येते. वस्तुतः त्यांच्या व्यक्तिमत्त्वातील कवी, वकील, राजनैतिक अधिकारी आणि संघटक हे चारही पैलू एकत्र येऊन कसाला लागले ते याच प्रकरणात. म्हणून येथे त्यांचे चरित्र या एका अंगाने पाहावयाचे आहे.

त्यांचा जन्म १७ जून १८७१ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे झाला. वडील एका मोठ्या हॉटेलात मुख्य वाढपी होते, तर आई हेलन डिलेट ही बहामातील नासाऊची, शिक्षिका. आईच्या घराण्याचा धागा थेट हैतीपर्यंत पोहोचतो. तिची आजी हेस्टर आर्गो ही मूळची हैतीची. १८०२ साली, तेथे स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले असताना, एका फ्रेंच सेनाधिकाऱ्यापासून झालेल्या मुलांसह तिला क्यूबाकडे निघालेल्या जहाजावर चढविण्यात आले. वाटेत इंग्रजांनी ते जहाज पकडले आणि ही मंडळी नासाऊला उतरली. त्या मुलांपैकी स्टीफन डिलेट पुढे बहामाच्या विधिमंडळात निवडून आला. तो जॉन्सन यांचा आजोबा. हा कुलवृत्तान्त जॉन्सन यांनी आपल्या ‘अलाँग धिस वे’ (१९३३) या आत्मचरित्राच्या आरंभीच नोंदविला आहे. रक्ताच्या नात्यातून राजकीय भूमिका उपजते असे मी मानीत नाही. तसे असते तर १९१५ साली त्यांची लेखणी अडखळली नसती.

अ‍ॅटलांटा विद्यापीठाची पदवी (१८९४), जॅक्सनव्हिलच्या शाळेचे मुख्याध्यापकपद, वकिलीची सनद, धाकटे बंधू रोझमंड यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी केलेली गीतरचना, हे टप्पे सर्वश्रुत आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ती त्यानंतरची नोकरी. रिपब्लिकन पक्षासाठी केलेल्या कामाचे फळ म्हणून १९०६ साली त्यांना व्हेनेझुएलातील प्वेर्तो काबेयो येथे अमेरिकेचे वाणिज्यदूत नेमण्यात आले, आणि १९०९ मध्ये निकाराग्वातील कोरिंतो बंदरात त्यांची बदली झाली. १९१२ साली तेथे बंड उसळले. बंडखोर बंदराच्या वेशीपाशी आले असता वाटाघाटी लांबवीत जॉन्सन यांनी वेळ काढला आणि अमेरिकन नौसैनिक उतरेपर्यंत गाव बंडखोरांच्या हाती पडू दिले नाही. पुढे हैतीतील लष्करी अंमलावर कठोर टीका करणाऱ्या या माणसाने आठ वर्षांपूर्वी अशाच अंमलासाठी दार उघडून धरले होते. त्यांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रांत हा प्रसंग पराक्रम म्हणून येतो. मला तो अस्वस्थ करणारा वाटतो, आणि म्हणूनच मोलाचाही वाटतो. जीवित आणि मालमत्ता यांच्या रक्षणाची भाषा दप्तरात कशी घडते, हे त्यांनी दप्तरात बसूनच पाहिले होते.

१९१३ साली, विल्सन यांच्या राजवटीत बढतीची आशा न उरल्यामुळे, त्यांनी राजीनामा दिला आणि ते ‘न्यूयॉर्क एज’ या पत्रात अग्रलेख लिहू लागले. याच सुमारास हैतीत सत्तापालटांची मालिका चालू होती. मार्च १९१५ मध्ये व्हिलब्रन गियोम साम हे सशस्त्र उठावाच्या जोरावर राष्ट्राध्यक्ष झाले. जुलैअखेर त्यांच्याविरुद्ध उठाव होताच तुरुंगातील दीडशेहून अधिक राजकीय कैद्यांची कत्तल करण्यात आली. संतप्त जमावाने साम यांना फ्रेंच वकिलातीतून ओढून काढून ठार मारले आणि २८ जुलै रोजी अ‍ॅडमिरल केपर्टन यांचे नौसैनिक पोर्तोप्रिन्सला उतरले. हस्तक्षेपाची कारणे मात्र त्याआधीपासून सिद्ध होती. डिसेंबर १९१४ मध्येच हैतीच्या राष्ट्रीय बँकेतील पाच लक्ष डॉलरचे सोने ‘मचायस’ या युद्धनौकेतून न्यूयॉर्कला नेण्यात आले होते. असे असूनही जॉन्सन यांचे पहिले लेखन सावध होते. बेबंदशाही थांबवावयास हवी, एवढे त्यांना मान्य होते. शंका होत्या, पण निषेध नव्हता.

पुढील पाच वर्षांत दोन्हीकडे बरेच घडले. हैतीत विधिमंडळ बरखास्त झाले. १९१८ मध्ये संगिनींच्या छायेत सार्वमत घेऊन नवी राज्यघटना लादण्यात आली आणि परकीयांना जमीनमालकीचा हक्क मिळाला. देसालीनच्या काळापासून गोऱ्यांना जमिनीची मालकी नाकारणे हा या प्रजासत्ताकाचा पाया होता, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचे गांभीर्य कळते. १८६४ च्या एका जुन्या कायद्याची धूळ झटकून रस्त्यांसाठी शेतकऱ्यांवर सक्तीची मजुरी बसविण्यात आली. मराठीत यासाठी ‘वेठ’ हा अचूक शब्द आहे, आणि वेठीला धरणे हा वाक्प्रचार ज्या समाजाने घडविला त्याला तिचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. माणसे दोरखंडांनी बांधून गावापासून दूर नेली जात. तिच्याविरुद्ध पेटलेल्या काको बंडाचा नेता शार्लमान्य पेराल्त १९१९ च्या अखेरीस मारला गेला. इकडे जॉन्सन १९१६ च्या अखेरीपासून ‘नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संस्थेचे क्षेत्रीय कार्यवाह म्हणून दक्षिणेतील गावोगाव हिंडत होते आणि झुंडबळींच्या चौकशा करीत होते. साक्षी जमविणे, आकडे पडताळणे, सरकारी खुलाशातील भोक शोधणे ही शिस्त त्यांना तेथे लागली.

१९२० च्या वसंतात संस्थेने त्यांना हैतीला पाठविले. ते अमेरिकन अधिकाऱ्यांना भेटले, उत्तरेकडे काप-हैतियनपर्यंत गेले आणि राजा क्रिस्तोफचा डोंगरमाथ्यावरील किल्ला चढून पाहिला. परतल्यावर ‘द नेशन’ साप्ताहिकात ऑगस्ट-सप्टेंबर १९२० मध्ये ‘सेल्फ-डिटरमायनिंग हैती’ या मथळ्याखाली त्यांचे चार लेख आले. या लेखांचे बळ त्यांच्या संयमात आहे. एक रस्ता, शहरातील स्वच्छतेचे नियम आणि एका रुग्णालयाची सुधारणा, इतके श्रेय ते अंमलाच्या पदरात घालतात. नंतर याच रस्त्याची किंमत किती जिवांनी मोजली ते दाखवितात. तिसरा लेख सर्वस्वी पैशाचा आहे. नॅशनल सिटी बँकेने हैतीच्या राष्ट्रीय बँकेवर कसा ताबा मिळविला आणि परराष्ट्र खात्याचे कान कोणापाशी होते, याचा तो हिशेब होय. चौथा लेख मला विशेष वाटतो, कारण त्यात साहित्यिक जागा होतो. क्रिओल ही मोडकी फ्रेंच नव्हे, ती स्वतंत्र भाषा आहे. ज्या देशाची जनता एक भाषा बोलते आणि शाळा दुसरी शिकविते तेथील निरक्षरतेचे खापर वंशावर फोडता येत नाही, असा त्यांचा रोख होता. हैतीत ज्यांच्याशी त्यांची विचारविनिमयाची मैत्री जमली ते झॉर्झ सिल्व्हेन स्वतः ला फोंतेनच्या कथा क्रिओलमध्ये उतरविणारे कवी होते, हा योगायोग नसावा. जॉन्सन यांच्या आग्रहामुळे सिल्व्हेन यांची ‘युनियन पॅत्रिओतिक’ ही संघटना त्याच वर्षी नव्याने उभी राहिली. तथापि त्यांचा वावर मुख्यतः पोर्तोप्रिन्सच्या सुशिक्षित वर्गात झाला आणि काको शेतकऱ्याचा स्वतःचा आवाज या लेखांत क्षीणच राहिला, हेही नमूद करावयास हवे.

वर्ष निवडणुकीचे होते. नौदलाचे उपमंत्री फ्रँकलिन रूझवेल्ट उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते, आणि हैतीची राज्यघटना आपणच लिहिली अशी फुशारकी त्यांनी एका सभेत मारली. जॉन्सन यांनी ओहायोतील मॅरियन येथे रिपब्लिकन उमेदवार हार्डिंग यांची भेट घेऊन आपली माहिती त्यांच्या हाती दिली होती; हार्डिंग यांनी ती प्रचारात हवी तशी वापरली. हैती वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली. निवडणूक जिंकल्यावर मात्र हार्डिंग यांनी फौज मागे घेतली नाही. १९२१ साली युनियनचे प्रतिनिधी पॉलेयस सानों, स्तेनियो व्हेंसाँ आणि पर्सिव्हल तोबी वॉशिंग्टनला आले आणि त्यांचे निवेदन सादर झाले. सिनेटची चौकशी समितीही बसली. निष्पन्न काय, तर अंमलाची फेररचना आणि एक उच्चायुक्त. त्याच १९२२ मध्ये, ज्यासाठी जॉन्सन यांनी सिनेटचे उंबरठे झिजविले होते ते झुंडबळीविरोधी डायर विधेयकही बुडाले. पक्षाशी निष्ठा ठेवली की पक्ष ऐकतो, हा त्यांचा समज या दोन अनुभवांनी पार खचला असावा.

पुढे १९२९ च्या डिसेंबरात ले के येथे निदर्शक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, फोर्ब्स आयोग नेमला गेला आणि १५ ऑगस्ट १९३४ रोजी शेवटचे नौसैनिक हैतीतून निघाले. तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते तेच फ्रँकलिन रूझवेल्ट, आणि हैतीचे होते वॉशिंग्टनला आलेल्या त्या तिघांपैकी स्तेनियो व्हेंसाँ. याच व्हेंसाँ यांच्या राजवटीने त्याच वर्षी कादंबरीकार झाक रूमँ यांना तुरुंगात टाकले. त्यांच्या सुटकेसाठी लँग्स्टन ह्यूज यांना न्यूयॉर्कमध्ये पुन्हा मोहीम उभारावी लागली.

जॉन्सन तोवर संस्थेच्या कामातून निवृत्त होऊन नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात वाङ्मय शिकवीत होते. २६ जून १९३८ रोजी मेन राज्यातील विस्कॅसेटजवळ रेल्वेफाटकावर त्यांच्या मोटारीला आगगाडीची धडक बसली. पत्नी ग्रेस जबर जखमी होऊन वाचल्या, जॉन्सन गेले. त्यांचे दफन ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीत झाले.