वसईच्या विजेत्याचा श्वास

वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. तिथे येणाऱ्याला १७३९ चा विजय आठवतो. त्या विजेत्याची छाती मात्र अधू होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचा हा धाकटा मुलगा. थोरल्या बाजीरावांच्या तेजापुढे काहीसा झाकोळलेला. प्रकृती तोळामासा, खोकला आणि दम्याने कधी पाठ सोडली नाही. तरीही १७२८ मध्ये माळव्यात आमझेऱ्याची लढाई त्यांनी जिंकली, १७३६ मध्ये रेवसजवळ सिद्दी सातला संपवले. मधल्या काळात, १७३० मध्ये, पत्नी रखमाबाई तान्ह्या सदाशिवाला मागे ठेवून गेल्या.

१७३७ मध्ये पोर्तुगीजांवरची मोहीम सुरू झाली. ठाणे पडले, पण वसई दोन वर्षे झुंजली. खाडीचा दमट वारा, चिखल, सुरुंगांचा धूर. निरोग्यालाही नकोसे व्हावे असे ते रणांगण. पावसाळ्याआधी किल्ला घ्यायलाच हवा होता. हजारो माणसे पडल्यावर मे १७३९ मध्ये वसई शरण आली. अप्पांनी पराभूतांना कुटुंबकबिल्यासह सन्मानाने जाऊ दिले.

पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १७४० रोजी, बाजीराव गेले. त्याच डिसेंबरात अप्पाही गेले. वयाची पस्तिशीही त्यांनी गाठली नव्हती. दहा वर्षांचा सदाशिव पोरका झाला. पुढे पानिपतावर लढलेले भाऊसाहेब ते हेच.

अप्पांचे दुखणे नेमके कोणते, हे ओळखण्याचे साधनच तेव्हाच्या वैद्यांपाशी नव्हते. छातीला लावायची नळी आली १८१६ मध्ये. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला १८८२ मध्ये, क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये. प्राणवायूची ओळखदेखील अप्पांनंतर तीसेक वर्षांनी झाली. पेशव्यांच्या घरात वैद्याला तोटा नव्हता, पैशाला नव्हता. तोटा होता तो ज्ञानाचा.

आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. दम्याचे औषध फवाऱ्याने थेट श्वासनलिकेत पोचते. न्यूमोनियावर प्रतिजैविके आहेत, धाप लागलेल्याला प्राणवायू देता येतो. क्षयाची थुंकी-तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साधा क्षय सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. तरी माणसे खोकला लपवतात. मी बँकेत असताना आमचा एक रोखपाल कित्येक महिने तोंडाला रुमाल लावून नोटा मोजत होता. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, ही धास्ती. अखेर बायकोने त्याला दवाखान्यात ओढत नेले, औषधाचा एकही दिवस चुकू दिला नाही आणि तो ठणठणीत होऊन पुन्हा काउंटरवर बसला. दुसरे कित्येक जण मात्र जरा बरे वाटताच गोळ्या सोडतात आणि मग तोच जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

वसई-विरारच्या लोकलमध्ये छातीला छाती लागते, तिथे एकाचा खोकला एकट्याचा राहत नाही. तो दोन आठवडे टिकला, तर तपासणी करून घ्यावी. ज्या श्वासासाठी वसईच्या विजेत्याला उपाय मिळाला नाही, तो आज त्याच वसईत मिळतो. त्याला पाठ दाखवण्यात कसले आले शौर्य?